थीम पार्कमधील स्टेकगृहे आणि शहरांतील प्रतिष्ठित स्टेकहाउस : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना

स्टेक म्हणजे गोमांसाचा जाड काप प्रखर आचेवर भाजून तयार केलेला पदार्थ. अमेरिकेच्या खाद्यजीवनात या पदार्थाला केवळ आहाराचे नव्हे, तर प्रतिष्ठेचे स्थान लाभले आहे. बढती, व्यवहाराची पूर्ती, विवाहाचा वाढदिवस अशा प्रसंगी जेथे जावे असे स्थळ म्हणून 'स्टेकहाउस' ही संस्था तेथे रुजली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोरंजनासाठी उभारलेल्या थीम पार्कमध्येही अशीच उपाहारगृहे निघाली. फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

या दोन प्रकारच्या उपाहारगृहांविषयी एक समज दृढ झालेला दिसतो. शहरातील जुने स्टेकहाउस 'अस्सल' आणि थीम पार्कमधील स्टेकगृह म्हणजे त्याची महागडी 'नक्कल', असा तो समज आहे. वर्षभर बचत करून मुलाबाळांसह सहलीला गेलेल्या कुटुंबाने तेथील जेवणाची वाखाणणी केली, तर जाणकार मंडळी त्यांच्याकडे काहीशा कीव करण्याच्या दृष्टीने पाहतात. ही कीव कितपत रास्त आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. दोहोंतील फरक नेमका कोठे आहे? तो मांसात आहे, पाककौशल्यात आहे, वातावरणात आहे, की ग्राहक आणि उपाहारगृह यांच्यातील संबंधात आहे? या प्रश्नांचा विचार येथे अर्थशास्त्र व समाजशास्त्र या दोन्ही अंगांनी केला आहे. गोमांसाहाराच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अभिप्रेत नाही. उपभोगाच्या एका संस्थेचा अभ्यास एवढीच या लेखाची मर्यादा आहे.

स्टेकहाउसची जडणघडण

अमेरिकेतील जुनी स्टेकहाउस मांसबाजार, नाट्यगृहे आणि व्यापारी पेढ्या यांच्या आसऱ्याने वाढली. न्यूयॉर्कच्या मांसबाजाराच्या परिसरातील 'ओल्ड होमस्टेड' १८६८ मध्ये सुरू झाले. हेराल्ड स्क्वेअरच्या नाट्यवस्तीजवळील 'कीन्स' १८८५ चे. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातील 'पीटर लुगर' १८८७ मध्ये कॉफीगृह, बिलियर्ड आणि बोलिंग अशा एकत्रित स्वरूपात सुरू झाले. १९२७ मधील 'गॅलघर्स' हे ब्रॉडवेच्या नाट्यप्रेमींचे ठिकाण. या सर्वांची मूळ घडण पुरुषप्रधान होती. लाकडी तावदाने, मंद प्रकाश, मोठे ताट, मोजके पदार्थ आणि फटकळ वाढपी हे त्याचे विशेष होते. कीन्समध्ये स्त्रियांना प्रवेश नसे. नाट्य अभिनेत्री लिली लँगट्री यांनी १९०५ मध्ये त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागून प्रवेश मिळविला, ही त्या उपाहारगृहाच्या परंपरेतील सुप्रसिद्ध हकिकत आहे.

या संस्थेचे भौगोलिक कारण समजून घेणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तम मांस मिळण्यासाठी मांसबाजाराची जवळीक लागे. शिकागोचे 'युनियन स्टॉकयार्ड्स' १८६५ मध्ये सुरू झाले, आणि रेल्वे व पुढे शीतवाघिणींच्या बळावर ते देशाचे मांसकेंद्र बनले. उपाहारगृहाचा मालक स्वतः बाजारात जाऊन मांस पारखून घेत असे, आणि हीच त्याची खरी पुंजी होती. पीटर लुगर सॉल फोरमन यांनी १९५० मध्ये विकत घेतल्यावर त्यांच्या पत्नी मार्शा यांनी मांसाची पारख करण्याचे रीतसर शिक्षण घेतले. त्या कुटुंबातील स्त्रियांनी बाजारात जाऊन मांस निवडण्याची प्रथा पुढेही चालू ठेवली. पुरुषांची मक्तेदारी मानल्या गेलेल्या या व्यवसायात निवडीचा अधिकार स्त्रियांच्या हाती असावा, ही बाब लक्षणीय आहे.

मांसाचा बदललेला भूगोल

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ही व्यवस्था पालटली. 'आयोवा बीफ पॅकर्स' या कंपनीने १९६७ मध्ये पेटीबंद मांसाची पद्धत रूढ करण्यास प्रारंभ केला. अखंड धड पाठविण्याऐवजी कारखान्यातच तुकडे करून, ते निर्वात पिशव्यांत बंद करून आणि पेट्यांत भरून देशभर रवाना होऊ लागले. यामुळे मांसबाजाराच्या शेजाराचे महत्त्व संपुष्टात आले. शिकागोचे युनियन स्टॉकयार्ड्स १९७१ च्या जुलैअखेर बंद पडले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, फ्लोरिडातील दलदलीच्या प्रदेशात वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे दरवाजे उघडले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु एका युगाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय यांचे हे सान्निध्य बोलके आहे. ज्या प्रदेशाला स्टेकहाउसची कसलीही परंपरा नव्हती, तेथेही न्यूयॉर्कच्या तोडीचे मांस पोचविणे आता केवळ पैशाचे आणि शीतगृहाचे काम उरले होते.

मांसाच्या दर्जाचे निकषही देशभर समान आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याकडून मांसाला 'प्राइम', 'चॉइस', 'सिलेक्ट' अशा श्रेणी दिल्या जातात. जनावराचे वय आणि स्नायूंत विखुरलेल्या चरबीची संगमरवरासारखी नक्षी यांवर ही श्रेणी ठरते. प्राइम श्रेणीचे प्रमाण एके काळी दोन-तीन टक्केच असे. अलीकडे पैदास आणि खाद्य यांतील सुधारणांमुळे ते दहा टक्क्यांच्या आसपास गेले आहे. म्हणजेच जी गोष्ट पूर्वी मूठभर उपाहारगृहांच्या हाती होती, ती आज पैसे मोजणाऱ्या कोणत्याही मोठ्या खरेदीदाराला मिळू शकते. थीम पार्क चालविणारी कंपनी तर असा खरेदीदार म्हणून फार मोठी आहे.

श्रेणीनंतर प्रश्न येतो तो मुरवण्याचा. लोणचे जसे मुरावे लागते, तसे मांसही मुरावे लागते. त्याचे दोन प्रकार आहेत. कोरड्या मुरवणीत मांस गोठणबिंदूच्या किंचित वर, नियंत्रित आर्द्रतेत, साधारणतः तीन ते चार आठवडे उघडे टांगले जाते. स्नायूंतील विकरे तंतू मऊ करतात, पाणी उडून जाते आणि चव दाट होते. परंतु वजन घटते, वरचा वाळलेला थर कापून टाकावा लागतो, आणि त्यामुळे खर्च वाढतो. ओल्या मुरवणीत मांस निर्वात पिशवीतच राहते. ते मऊ होते, वजनही घटत नाही, पण चवीला ती दाटी येत नाही. पेटीबंद मांसाबरोबर ही दुसरी पद्धत सर्वत्र पसरली. यास्तव आज स्टेकगृहाचा दर्जा त्याच्या पत्त्यावरून ठरविता येत नाही. कोणती श्रेणी, कोणती मुरवण आणि किती दिवस, या तीन प्रश्नांवरून तो ठरवावा लागतो.

थीम पार्कमधील तीन उदाहरणे

एपकॉट हे उद्यान १ ऑक्टोबर १९८२ रोजी खुले झाले. तेथे विविध देशांचे विभाग असून कॅनडाच्या विभागात ओटावा येथील शातो लोरिए या हॉटेलाच्या धर्तीवर इमारत उभारली आहे. तिच्या आश्रयाला 'ल सेलिए' हे उपाहारगृह आहे. या फ्रेंच शब्दाचा अर्थ तळघर किंवा कोठार. प्रारंभी येथे स्वतः वाढून घेण्याची व्यवस्था होती. पुढे १९९० च्या दशकात ते मेजावर सेवा देणारे स्टेकहाउस बनले. कमी उंचीचे छत, दगडी भिंती आणि खिडक्यांचा अभाव ही त्याची वैशिष्ट्ये. खिडकी नसल्याने बाहेरची गर्दी आणि फ्लोरिडाचे ऊन दोन्ही दृष्टीआड होतात. चेडर चीजचे सूप आणि अळंब्यांच्या रिसोटोबरोबर दिला जाणारा फिले मिन्याँ हे येथील लोकप्रिय पदार्थ होत.

'यॉट्समन स्टेकहाउस' हे १९९० मध्ये सुरू झालेल्या यॉट क्लब या हॉटेलात आहे. ते उद्यानाच्या प्रवेशद्वाराबाहेर असल्याने त्यासाठी उद्यानाचे तिकीट लागत नाही. येथे काचेआड खाटकाची खोली असून मांस मुरताना व कापले जाताना पाहुण्यांना दिसते. तिसरे 'स्टेकहाउस ७१'. ते कंटेम्पररी या हॉटेलात १ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे डिस्ने वर्ल्डच्या सुवर्णमहोत्सवी दिवशी, सुरू झाले. त्याचे नाव आणि सजावट १९७१ ची आठवण देतात. येथे संकल्पना परदेशाची अथवा सागराची नसून कंपनीच्या स्वतःच्या भूतकाळाची आहे. पन्नास वर्षे लोटली की नकलेलाही परंपरा प्राप्त होते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

अस्सलता : कोणाची आणि किती?

समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनेल यांनी १९७३ मध्ये 'रंगमंचीय अस्सलता' ही कल्पना मांडली. अर्व्हिंग गॉफमन यांनी सामाजिक व्यवहाराचे दर्शनी भाग व पडद्यामागचा भाग असे दोन विभाग कल्पिले होते. मॅकॅनेल यांच्या मते पर्यटकाला पडद्यामागचे पाहण्याची ओढ असते, आणि ती ओळखून पडद्यामागचा भागच रंगमंच म्हणून मांडला जातो. यॉट्समनमधील काचेची खोली या सिद्धांतात तंतोतंत बसते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲलन ब्रायमन यांनी १९९९ मध्ये व पुढे २००४ च्या ग्रंथात 'डिस्नीकरण' ही संज्ञा विशद केली. संकल्पनेनुसार सजावट, निरनिराळ्या उपभोगांची सरमिसळ, चिन्हांकित वस्तूंची विक्री आणि अभिनयात्मक श्रम अशी तिची चार अंगे त्यांनी सांगितली. ल सेलिए या चौकटीत सहज बसते.

परंतु येथेच थांबल्यास तुलना एकांगी होईल. तीच चौकट शहरातील स्टेकहाउसला लावून पाहिली असता काय दिसते? गॅलघर्सची मांस मुरवण्याची खोली रस्त्यावरून काचेतून दिसते. यॉट्समनने केले ते त्याच परंपरेतील आहे. कीन्सच्या छताला हजारो जुने मातीचे पाईप टांगलेले आहेत. तेथे आज कोणी धूम्रपान करीत नाही. म्हणजे एके काळची उपयोगाची वस्तू आता सजावट झाली आहे. सर्वांत उद्बोधक उदाहरण 'स्मिथ अँड वोलेन्स्की' या न्यूयॉर्कमधील उपाहारगृहाचे. ते १९७७ मध्ये ॲलन स्टिलमन यांनी सुरू केले. हेच स्टिलमन १९६५ मधील 'टी.जी.आय. फ्रायडेज' या लोकप्रिय उपाहारगृहाचे संस्थापक. स्मिथ आणि वोलेन्स्की नावाचे कोणी भागीदार नव्हते. ही नावे दूरध्वनीच्या निर्देशिकेतून निवडली, असे स्टिलमन यांनीच सांगितले आहे. जुन्या पेढीचा आभास निर्माण करणारे हे उपाहारगृह ल सेलिएपेक्षा अवघ्या पाच वर्षांनी थोरल्या उद्यानातील नव्हे, तर मॅनहॅटनमधील आहे. तरीही त्याला कोणी नक्कल म्हणत नाही.

यावरून असे म्हणता येईल की 'शहरी स्टेकहाउस' हीच मुळात एक संकल्पना आहे. लाकूड, चामडे, मंद दिवे आणि जुन्या छायाचित्रांनी ती सजविली जाते. थीम पार्कने अस्सलाची नक्कल केली नाही. आधीच नाट्यमय असलेल्या एका संस्थेचे आणखी एक नाट्यरूप केले, इतकेच. फरक एवढाच की एक आपले नाट्य कबूल करते आणि दुसरे ते इतिहास म्हणून सादर करते. काही शहरी स्टेकहाउसना खराखुरा इतिहास आहे, हे अर्थातच नाकारता येत नाही. मात्र इतिहास हा चवीची हमी नव्हे. पीटर लुगरच्या बाबतीत 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक पीट वेल्स यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये शून्य तारे देणारे परीक्षण लिहिले, आणि २०२२ मध्ये त्या उपाहारगृहाने आपला मिशलिन ताराही गमावला. शतकाहून अधिक काळाची पुण्याई ताटातील मांसाच्या तुकड्याला वाचवू शकली नाही.

पाहुणा आणि त्याचा वेळ

खरा फरक पाहुण्यात आहे. शहरातील स्टेकहाउसचा पाहुणा प्रामुख्याने प्रौढ असतो, सायंकाळी येतो, आणि पुन्हा येण्याची शक्यता असते. थीम पार्कमधील पाहुणा म्हणजे बहुधा तीन पिढ्यांचे एक कुटुंब. दिवसभर उन्हात चालून ते थकलेले असते. लहान मुलाला झोप आलेली असते, आणि आजोबांना पथ्य असते. एखाद्या सदस्याला मांस वर्ज्य असते. अशा मेजावर स्टेकहाउसला एकाच वेळी अनेक भूमिका पार पाडाव्या लागतात. मुलांसाठी वेगळी पत्रिका, अन्नाच्या ॲलर्जीविषयी काटेकोर चौकशी आणि शाकाहारी पर्याय येथे अपरिहार्य ठरतात. २०१९ मध्ये डिस्ने वर्ल्डने आपल्या उपाहारगृहांत चारशेहून अधिक वनस्पतिजन्य पदार्थ देण्याची घोषणा केली, तिचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजतो. परदेशस्थ मराठी कुटुंबांतही एकाच मेजावर मांसाहारी मुलगा आणि शाकाहारी आई असे चित्र सर्रास असते. अशा कुटुंबाला जुन्या शहरी स्टेकहाउसमध्ये आईसाठी उकडलेला बटाटा आणि पालक यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. थीम पार्कमध्ये मात्र तिच्यासाठीही स्वतंत्र पदार्थ योजलेला असतो.

याची किंमत पाककौशल्यात मोजावी लागते. जाड स्टेक भाजणे हे वेळेचे शास्त्र आहे. मांसाच्या पृष्ठभागावर सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या वर जी तपकिरी खरपूस कवच आणणारी प्रक्रिया घडते, तिचे वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. पृष्ठभाग इतका तापवायचा आणि आतला गाभा मात्र ५५ अंशांच्या आसपास राखायचा, ही कसरत आहे. 'रूथ्स क्रिस' या साखळीत वरून आच देणाऱ्या भट्टीचे तापमान १८०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ९८० अंश सेल्सिअस, असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. शहरी स्टेकहाउसमध्ये पदार्थ मोजके आणि तेच ते असल्याने भट्टीवरचा माणूस या कसरतीत निष्णात होतो. थीम पार्कच्या स्वयंपाकघरात पदार्थांची विविधता मोठी, पाहुण्यांचा ओघ दुपारपासून अखंड, आणि पूर्ण शिजलेल्या मांसाची मागणीही अधिक. त्यामुळे तेथे उत्कृष्टतेपेक्षा सातत्याला प्राधान्य मिळते. सर्वोत्तम शहरी स्टेक हा सर्वोत्तम थीम पार्क स्टेकहून सरस ठरण्याचे कारण मांस नव्हे, तर हे विशेषीकरण होय.

किंमत : कोण भरतो?

किमतीचा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो, पण तसा नाही. दोन्ही प्रकारच्या उपाहारगृहांतील दर ढोबळमानाने एकाच पातळीवर आहेत. परंतु ते कोणाच्या खिशातून जातात, यात मोठे अंतर आहे. शहरी स्टेकहाउसची भरभराट कंपनीच्या खर्चाने होणाऱ्या भोजनांवर झाली. अमेरिकेच्या करकायद्यात व्यावसायिक भोजनाचा खर्च वजावटीस पात्र असे. १९८६ च्या करसुधारणेने ही वजावट ८० टक्क्यांवर आणि १९९३ च्या कायद्याने ५० टक्क्यांवर आणली. महासाथीनंतर २०२१ व २०२२ या दोन वर्षांपुरती उपाहारगृहांतील भोजनासाठी ती पुन्हा शंभर टक्के करण्यात आली. म्हणजे शहरी स्टेकहाउसच्या देयकाचा काही भाग कंपनी आणि काही भाग अप्रत्यक्षपणे सरकारी तिजोरी उचलते. थीम पार्कमधील कुटुंब मात्र आपल्या बचतीतून पूर्ण रक्कम भरते.

शिवाय ल सेलिएसारख्या उपाहारगृहात पोचण्यासाठीच उद्यानाचे तिकीट लागते, आणि ते माणशी शंभर डॉलरहून अधिक असते. एकदा आत गेल्यावर बाहेर जाऊन जेवण्याचा पर्याय कागदोपत्री उरतो, पण व्यवहारात वेळ दवडणारा ठरतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा बंदिस्त ग्राहक होय. त्यातच २००५ मध्ये डिस्ने वर्ल्डने भोजन-योजना सुरू केली. ती २०२० मध्ये स्थगित होऊन जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चालू झाली. या योजनेत पाहुणा आगाऊ रक्कम भरून भोजनाचे 'अंक' विकत घेतो. साध्या मेजासाठी एक अंक आणि ल सेलिए वा यॉट्समन यांसारख्या वरच्या श्रेणीसाठी दोन अंक द्यावे लागतात. परिणामी जेवताना पैशाचा विचार मनात येत नाही. पाहुणा किमतीऐवजी अंकांचा हिशेब करतो, आणि दोन अंक खर्ची पडले असल्याने सर्वांत महाग पदार्थ मागविणे हाच शहाणपणा वाटू लागतो. किंमत दिसेनाशी होणे ही सोय आहे, तशीच ती ग्राहकाच्या विवेकाची परीक्षाही आहे.

याउलट शहरी स्टेकहाउसमध्ये प्रत्येक पदार्थाची किंमत स्वतंत्र असते. स्टेकच्या किमतीत बटाटा वा भाजी येत नाही. थीम पार्कमध्ये मुख्य ताटाबरोबर जोडपदार्थ बहुधा समाविष्ट असतात. त्यामुळे केवळ स्टेकच्या किमतींची तुलना दिशाभूल करणारी ठरते. पूर्ण ताटाची तुलना केल्यास थीम पार्क वाटते तितके महाग नसते. तिकिटासह तुलना केल्यास मात्र वाटते त्याहून महाग असते.

सेवा आणि अभिनय

डिस्नेच्या परिभाषेत कर्मचारी 'पात्रवर्गातील सदस्य' असतो, गणवेश हा 'वेशभूषा' असतो, आणि ग्राहक हा 'पाहुणा' असतो. कॅनडाच्या विभागात त्या देशातून आलेल्या तरुणांनी सेवा देण्याची प्रथा आहे. पाहुण्याशी गप्पा मारताना आपल्या प्रांताची माहिती सांगणे हाही त्यांच्या कामाचाच भाग असतो. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये ज्याला भावनिक श्रम म्हटले, ते हेच. परंतु जुन्या शहरी स्टेकहाउसमधील वाढप्याचा फटकळपणा हाही अभिनयच नव्हे काय? पांढरा लांब ॲप्रन, त्रोटक बोलणे आणि पाहुण्याच्या अज्ञानाविषयीची किंचित तुच्छता ही त्याची भूमिका आहे, आणि नेहमीचा पाहुणा तिच्यासाठीही पैसे मोजतो. दोन्हीकडे वाढप्याचे उत्पन्न बरेचसे टिपवर अवलंबून असते. टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी संघराज्याचे किमान रोख वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर इतकेच आहे, जरी अनेक राज्यांनी ते वाढविले असले तरी. स्मितहास्य असो वा फटकळपणा, त्यामागचे आर्थिक गणित सारखेच आहे.

विश्वासाचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये काही वस्तूंचा दर्जा उपभोगानंतरच कळतो, असे दाखवून दिले. अशा वस्तूंना अनुभव-वस्तू म्हणतात. पुढे १९७३ मध्ये डार्बी व कार्नी यांनी तिसरा वर्ग सांगितला, ज्यांचा दर्जा उपभोगानंतरही ग्राहकाला निश्चित कळत नाही. या विश्वास-वस्तू होत. स्टेक ही काहीशी अनुभव-वस्तू आणि बरीचशी विश्वास-वस्तू आहे. तो मऊ होता की नाही, हे कळते. पण तो खरोखर प्राइम श्रेणीचा होता काय, अठ्ठावीस दिवस कोरडा मुरविला होता काय, हे सामान्य ग्राहक ताट रिकामे झाल्यावरही सांगू शकत नाही.

मग विश्वास कशावर ठेवायचा? शहरी स्टेकहाउसमध्ये तो नेहमीच्या ग्राहकावर आधारलेला असतो. ग्राहक नाराज झाला तर तो परत येत नाही, आणि हे भय मालकाला सावध ठेवते. थीम पार्कमध्ये हा विश्वास संपूर्ण कंपनीच्या नावावर आधारलेला असतो. एका जेवणाने निराश झालेले कुटुंब सहल रद्द करीत नाही. त्यामुळे एकेका उपाहारगृहावरचा ग्राहकाचा दाब क्षीण असतो, मात्र कंपनीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून किमान दर्जा सांभाळला जातो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड हॉटेलात 'स्टेकहाउस ५५' नावाचे लोकप्रिय उपाहारगृह होते. महासाथीच्या काळात बंद झालेले ते २०२१ मध्ये कायमचे बंद करण्यात आले. त्याच्या चाहत्यांना यात कसलाही हात नव्हता. शहरातील उपाहारगृह ग्राहकांअभावी बंद पडते. थीम पार्कमधील उपाहारगृह मात्र ग्राहक असतानाही कंपनीच्या निर्णयाने बंद होऊ शकते.

या संदर्भात ऑर्लँडोहून सुमारे दीड तासाच्या अंतरावर असलेल्या टॅम्पा शहरातील 'बर्न्स स्टेक हाउस' या उपाहारगृहाचा उल्लेख करणे उचित ठरेल. बर्न आणि गर्ट लॅक्सर या दांपत्याने १९५६ मध्ये ते सुरू केले. येथील पदार्थपत्रिकेत प्रत्येक कापाची जाडी आणि वजन दिलेले असते. किती भाजले म्हणजे आतून कसे दिसेल, याचा तक्ताही असतो. जेवणानंतर पाहुण्यांना स्वयंपाकघर आणि मद्याचे तळघर दाखविले जाते. सजावट पाहिली तर लाल मखमल आणि सोनेरी चौकटी यांची तेथे रेलचेल आहे, आणि कोणत्याही थीम पार्कला ती शोभावी. तरीही बर्न्सची प्रतिष्ठा सजावटीवर नव्हे, तर या प्रकट माहितीवर उभी आहे. ग्राहकाला जे तपासता येत नाही ते जास्तीत जास्त उघड करणे, हाच विश्वास-वस्तूच्या समस्येवरचा प्रामाणिक उपाय आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, पेटीबंद मांसाच्या युगात थीम पार्क व शहर यांच्यातील कच्च्या मालाचा फरक जवळजवळ नाहीसा झाला आहे. दुसरा असा की, 'अस्सल' आणि 'नक्कल' ही विभागणी टिकत नाही, कारण शहरी स्टेकहाउस हीदेखील एक रचलेली संकल्पना आहे. तिसरा असा की, पाककौशल्यातील विशेषीकरणात शहर सरस आहे, तर सर्व वयांच्या व सर्व आहारांच्या माणसांना एका मेजावर बसविण्यात थीम पार्क सरस आहे. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा असा की, थीम पार्कविषयी तक्रार करायचीच असेल तर ती सजावटीविषयी नको. बंदिस्त ग्राहकाविषयी आणि दिसेनाशा केलेल्या किमतीविषयी ती करावी.

या दोन संस्थांमधील सीमारेषाही दिवसेंदिवस पुसट होत आहे. ऑलिव्ह गार्डनसारख्या कौटुंबिक उपाहारगृहांची मालक असलेली 'डार्डन' ही कंपनी ऑर्लँडोचीच. तिने २०२३ मध्ये रूथ्स क्रिस विकत घेतले. रूथ फर्टेल या एकट्या मातेने १९६५ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये घर गहाण ठेवून घेतलेले ते छोटेसे स्टेकहाउस आज थीम पार्कांच्या शहरातील एका कार्यालयातून चालविले जाते. अशा वेळी कोणते अस्सल आणि कोणते नाही, हा वाद घालण्यात हशील नाही.

मुलाबाळांसह ल सेलिएच्या खिडकीविना दालनात बसलेल्या कुटुंबाची कीव करण्याचे म्हणूनच कारण नाही. त्यांनी एकत्र बसण्याची किंमत मोजली आहे, आणि ती वस्तू त्यांना बहुधा मिळालेली असते. त्यांना एवढेच सुचवावे की, मांसाची श्रेणी कोणती, मुरवण कोणती आणि वजन किती, हे तीन प्रश्न त्यांनी वाढणाऱ्याला अवश्य विचारावेत. हेच तीन प्रश्न न्यूयॉर्कमधील शंभर वर्षांच्या लाकडी मेजावर बसलेल्या गृहस्थांनीही विचारावयास हवेत. ज्या उपाहारगृहातून त्यांची सरळ उत्तरे मिळतील, तेच प्रतिष्ठित म्हणावे, मग ते कोठेही असो.